मसाई शाळेची बाकं

खोक्यांचं लाकूड म्हणजे खिळ्यांचं माहेरघर. एक उपटावा तर त्याच्यामागं दुसरा डोकं काढून बसलेला. जपान-जर्मनीहून यंत्रं ज्या खोक्यांतून कुवेतला आली, ती खोकी सुलैबियाच्या कारखान्यामागं उन्हात पडून होती, आणि त्यांची बाकं करायचा हुकूम कारखान्यातल्या पांचाळ सुतारांना झाला होता. बाकं जायची होती आफ्रिकेत, केनियात, मसाई नावाच्या गुराख्या लोकांच्या शाळेला. फिंतासला समुद्राच्या काठी राहणाऱ्या डॉक्टर शरदांच्या बायकोनं, शामलाबाईंनी, त्या शाळेसाठी बायकांचं मंडळ काढलं होतं. मंडळानं पाट्या, वह्या, जुने कपडे जमवले. कंपनीच्या मुदीरनं, म्हणजे मॅनेजरनं, बाकं देतो म्हणून सांगितलं. खोकी फुकटची होती आणि बाकांसाठी गेलेले शुक्रवार सुतारांच्या सुट्टीचे होते.

“हलवायाच्या घरावर तुळशीपत्र,” रामभाऊ म्हणायचा आणि पुढचा खिळा उपटायचा.

रामभाऊ खोलीतला थोरला. लांजा तालुक्यातल्या एकाच वाडीचे, एकाच भावकीचे सात सुतार एका खोलीत राहात. एकाच चुलीवर शिजवत, पाळीनं देवाला दिवा लावत आणि एकमेकांच्या घोरण्यावरून भांडत. वाळवंटात त्यांनी आपली वाडीच थाटली होती म्हणा ना. फक्त तिच्यात बायका-पोरं नव्हती.

त्यांतला शत्रुघ्न गळ्याचा गोड. गावाकडं जाखडीच्या नाचात मधे बसून मृदंग वाजवत कवनं म्हणायचं काम त्याचं. कवनं तो तिथल्या तिथं जुळवायचा. आईनं नाव ठेवलं शत्रुघ्न, वाडीनं त्याचा केला शत्रू. पण शत्रूला शत्रू कोणी नव्हता. त्याचा करार केव्हाच संपून वाढवलेला होता आणि आता कुठं त्याची रजा ठरली होती. बाकं गाडीवर चढली आणि शामलाबाईंच्या घरचा कार्यक्रम पार पडला की शनिवारी पासपोर्ट हातात देतो, असं मुदीर म्हणाला होता. पासपोर्ट सगळ्यांचेच कंपनीच्या कपाटात असत.

कार्यक्रम असा, की मसाई शाळेची बाई स्वतः कुवेतला येणार, आपल्या शाळेबद्दल बोलणार, आणि तिच्यासमोर पांचाळांनी कोकणातला नाच करून दाखवायचा. संस्कृतीची देवाणघेवाण, असं शामलाबाई म्हणाल्या. दिनकर हा खोलीतला शेंडेफळ. तो म्हणाला, “देवाण आपली, घेवाण कुणाची?” सगळे हसले.

ऑक्टोबर लागला होता. दिवसा अजून पत्रा तापायचा, पण संध्याकाळी खाडीवरचं वारं यायचं.

सोमवारी दुपारी कारखान्याच्या फाटकाशी मुक्ता आली. ती सरकारी इस्पितळात नर्स होती, पांचाळांच्या शेजारच्या गावची. गावी जाऊन आली की तिच्या पिशवीतून सगळ्यांच्या घरचं काहीबाही यायचं. त्यामुळं पहारेकऱ्यानं हाक मारल्यावर शत्रुघ्न हातावरचा भुसा झटकत हसतच बाहेर आला.

मुक्ताच्या हातात पिशवी नव्हती.

“शत्रुघ्नदादा, इकडं सावलीला या.”

“काय गं? आमसुलं विसरलीस वाटतं?”

“तारावयनी गेल्या.”

“कुठं गेली?” त्यानं विचारलं. विचारलं तेव्हा त्याला खरोखरच वाटलं, की बायको माहेरी गेली असेल.

“भात कापताना फुरसं चावलं. लांज्याला नेईस्तवर वाटेतच... मी निघायच्या आदल्या दिवशीच झालं. अग्नी तुमच्या धाकट्या भावानं दिला. पोर, रेखा, त्याच्याकडंच आहे.”

शत्रुघ्ननं फाटकाच्या लोखंडाला हात लावला. ते तापलं होतं. हात भाजतोय हे त्याला दिसत होतं, लागत नव्हतं. त्यानं तो तसाच ठेवला, तेव्हा मुक्तानंच तो धरून बाजूला घेतला.

“रामभाऊंना मी सांगू का?”

“नको.”

“अहो, दहावा व्हायचाय अजून. तुमच्या सगळ्या भावकीला सुतक आहे.”

“म्हणून तर नको. सुतक म्हटल्यावर दादा नाच करू देईल व्हय? मृदंगाला हात लावू देईल? नाच नाय झाला तर मुदीर इचारणार, का नाय झाला. आणि त्येला मयत कळलं का माजी रजा गेली.”

मुक्तालाही ते ठाऊक होतं. गेल्या वर्षी दिनकरचा बाप वारला, तेव्हा सगळी खोली सुतकात बसली होती आणि दिनकर रजा मागायला गेला होता. मुदीर म्हणाला, मेलेल्या माणसाचं तू जाऊन काय करणार? लग्नाला गेलेला गडी परत येतो, मयताला गेलेला येत नाही. माणूस वाईट नव्हता. दोनदा फसला होता, एवढंच. पण त्याचा नियम झाला तो झाला.

“शनवारपर्यंत,” शत्रुघ्न म्हणाला. “तुला रेखाची आण हाय.”

तो आत आला. बाकाची फळी शिकंजात तशीच अडकून होती. त्यानं रंधा उचलला आणि मारायला लागला. लाकडाची सालं वळून वळून पायाशी पडू लागली. रडू येईल म्हणून तो वाट बघत होता. येईना. आपण दगड आहोत की काय, असं त्याला वाटलं आणि त्या वाटण्याचीही त्याला लाज वाटली नाही.

“काय आणलंन मुक्तानं?” रामभाऊनं विचारलं.

“काय नाय. सहज आली व्हती.”

“सगळं खुशाल?”

“व्हय.”

खोटं बोलणं एवढं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

सुतक मात्र त्यानं आपल्यापुरतं पाळलं, जमेल तसं, चोरून. त्या दिवशी देवाला दिवा लावायची पाळी त्याची होती. “माजा हात चिरलाय, तू लाव,” म्हणून त्यानं ती दिनकरवर ढकलली. मग त्याच्या ध्यानात आलं, की दिनकरही भावकीतलाच, त्यालाही सुतक. फक्त त्याला माहीत नाही. न कळता केलेल्याचं पाप नाही म्हणतात. पण ज्यानं कळून करवलं त्याचं काय, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. गणपतीच्या तसबिरीपुढं वात पेटली. शत्रुघ्ननं तिकडं पाठ केली आणि खुबूसच्या भाकरीचा तुकडा नुसत्या पाण्याबरोबर गिळला. मासळी त्यानं ताटातून बाजूला काढली. गादी गुंडाळून तो जमिनीवर निजला.

“उकडतंय,” म्हणाला.

खोलीनं त्याचा वेगळाच अर्थ लावला.

“बाबा, ह्येचं जेवण रजेनं खाल्लं,” दिनकर म्हणाला. “वयनी दिसते ह्येला पाण्याच्या पेल्यात.”

“दिसणारच! किती वर्सं झाली. तुज्यासारखा सडा हाय काय तो!”

“शत्रूदादा, वयनी तुला वळखंल का रं? टकलावर हात फिरवून बघ एकदा!”

हसण्याची लाट उसळली. शत्रुघ्नही हसला. तोंड हसतं, त्याला काय. त्याच्या खाटेखाली बॅग भरून तयार होती. तिच्यात वरच बायकोसाठी घेतलेली जपानी साडी होती, निळ्या फुलांची. ती सगळ्या खोलीनं मिळून पसंत केली होती, आणि तेव्हा रंगावरून अर्धा तास तंटा झाला होता. आता कोणीतरी रोज बॅगेवर आपलं एखादं पुडकं आणून ठेवायचं, हे अमक्याकडं दे, ते तमक्याकडं दे. “आणि सीताबाईला सांग, मी बरा हाय,” रामभाऊ रोज सांगायचा. सीताबाई त्याची बायको. तारा आणि ती एकाच विहिरीवर पाणी भरत.

विहीर म्हटल्यावर शत्रुघ्नच्या डोळ्यांपुढं कळशी यायची. तिच्यापलीकडं काही यायचं नाही. बायकोचा चेहरा आठवायला गेला की फाटकाचं लोखंड आठवायचं.

गुरुवारी शामलाबाई मसाई बाईला घेऊन कारखान्यात आल्या. नाव नाशिपाई. उंच, शिडशिडीत, अंगावर तांबडं वस्त्र. डोकं तुळतुळीत भादरलेलं आणि गळ्यात रंगीत मण्यांचे थरावर थर.

सुतारांचे हात थांबले.

“इधवा हाय बिचारी,” रामभाऊ हळूच म्हणाला. “केस काढल्यान.”

“मंग गळ्यात एवढे मणी?” दिनकर म्हणाला. “आमच्या आयशीनं तर एक पण ठेवला नाय.”

शामलाबाईंच्या कानांवर गेलं. त्या पुण्याच्या, त्यांना हसू आवरेना. “अहो, त्यांच्यात बायका केस काढतातच. नवरा चांगला आहे त्यांचा. शंभर गुरं राखतो.”

“शंभर!” रामभाऊ ओशाळला, आणि ओशाळला म्हणून त्यानं बाईंना बसायला नवं बाक पुढं केलं. नाशिपाई बसली. गुडघे वर आले, तशी ती स्वतःच हसली. मग हातांनी दाखवत, शामलाबाईंच्या तोंडून तिनं सांगितलं, की शाळा आत्तापर्यंत झाडाखाली भरायची. आता भिंती उभ्या राहिल्या आहेत. पोरं लांबून चालत येतात, काही गुरं सोडून येतात, मुली कमी येतात. जमीन शेणानं सारवलेली आहे, तेव्हा बाकाचे पाय रुतणार नाहीत ना?

“शेणानं?” रामभाऊचा चेहरा उजळला. “आमची पण शाळा शेणाच्या जमिनीची. देवळात भरते. सांगा बाई त्यांना! शेणानं सारवतात म्हणजे आपलीच माणसं.”

बाकाच्या पायांखाली आडवी पट्टी मारायची ठरलं. पट्टीचं काम शत्रुघ्नकडं आलं. तो खाली बसून माप घेत होता. नाशिपाईनं त्याच्याकडं बघून काहीतरी विचारलं.

“तुम्हाला मुलं आहेत का, विचारतेय,” शामलाबाई म्हणाल्या.

“एक मुलगी हाय.”

“शाळेत जाते?”

“जायची,” तो म्हणाला, आणि लगेच, “जाते.”

आई गेल्यावर पोरीच्या हाती भावजय पुस्तक ठेवणार नाही, आपलं धाकटं पोर देईल, हे त्याला कळून चुकलं होतं. जाऊन तिला जवळ घ्यायचं, एवढं एकच काम त्याला उरलं होतं. त्याच्यासाठी तो खोटं बोलत होता, दुखऱ्या हातानं पट्ट्या मारत होता आणि उद्या सुतकात मृदंग वाजवणार होता. हे सगळं त्याला स्पष्ट कळत होतं, दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं.

जाताना मुदीर बाहेर आला. बाकांवरून हात फिरवून खूश झाला. शत्रुघ्नच्या वाढलेल्या दाढीकडं बोट दाखवून म्हणाला, “कल ये साफ. फोटोवाला आएगा.”

सुतकात दाढी करत नाहीत. शुक्रवारी सकाळी शत्रुघ्ननं ती केली. वस्तरा गालावरून फिरताना त्यानं आरशात बघितलं नाही.

फिंतासचं डॉक्टरांचं घर समुद्राला लागूनच होतं. मागच्या अंगणाला बुटकी भिंत, भिंतीपलीकडं वाळू आणि पाणी. ऊन उतरायला लागलं तशी मंडळाच्या बायका, त्यांचे नवरे, काही गोरे, काही अरब पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसले. मुदीर पांढऱ्याशुभ्र अंगरख्यात पुढच्या ओळीत होता. नमुन्याला एक बाक मधे ठेवलं होतं, त्याला फीत बांधली होती. मुक्ताही आली होती, अगदी मागं, भिंतीला टेकून.

आधी नाशिपाईनं आपल्या लोकांचं गाणं म्हटलं. खांदे हलवत, गळ्यातले मणी उडवत. मग पांचाळ उठले. शत्रुघ्न मधे बसला, मांडीवर मृदंग घेतला. बाकीचे सहा जण पायात चाळ बांधून त्याच्याभोवती फिरू लागले.

त्यानं गण म्हटला. गणपतीचं नाव सुतकात घेतलं, तरी सूर लागला. गळा काही विचारत नाही. चाळांचा ठेका वाढत गेला, लोक टाळ्या वाजवू लागले, रामभाऊ वयाला न शोभणाऱ्या उड्या मारायला लागला. शत्रुघ्न त्याच्याकडं बघत होता. आपण ह्या सहा जणांना बाटवतोय, हे त्याच्या बोटांना समजत होतं आणि बोटं थांबत नव्हती.

नाच संपला. आता सुटलो, असं त्याला वाटलं. उद्या सकाळी कपाट उघडलं की झालं.

तेवढ्यात शामलाबाई माईकपाशी आल्या. नाशिपाईनं सुतारांसाठी भेट आणली आहे म्हणाल्या. मण्यांच्या माळा, तिच्या गावच्या बायकांनी ओवलेल्या. प्रत्येकाच्या बायकोसाठी एक. आणि नाव विचारूनच ती देणार, कारण घरी गेल्यावर तिला ती नावं माळा ओवणारणींना सांगायची आहेत.

“आणि आपल्यात नाव कसं घेतात? उखाण्यात!” शामलाबाईंना हे आत्ताच सुचलं होतं आणि त्या आनंदल्या होत्या. “चला, रामभाऊ, लाजायचं नाही.”

रामभाऊ लाजला, मग घसा खाकरून म्हणाला,

“रंधा मारला फळीवर, भुसा उडाला दारात,
सीताबाई रुसून बसली लांज्याच्या बाजारात!”

मराठी माणसं खो खो हसली. ज्यांना कळलं नाही ते हसणाऱ्यांकडं बघून हसले. रामभाऊनं माळ डोक्याला लावून घेतली. एकेक जण उठला, अडखळला, कसंबसं नाव घेऊन पळाला. दिनकरचं लग्न व्हायचं होतं, त्याला आईच्या नावानं माळ मिळाली.

“आता शत्रूदादा!” दिनकर ओरडला. “तो कवनवाला हाय, त्येला सोडू नका! परवा जातोय वयनीकडं!”

हे मुदीरलाही कोणीतरी सांगितलं. त्यानं मोठ्यानं टाळी वाजवली.

शत्रुघ्न उभा राहिला. नाशिपाई त्याच्यासमोर माळ दोन्ही हातांवर घेऊन उभी होती. तांबडी, निळी, मधेच पांढरी. नुसतं नाव घ्यायचं होतं. जुना एखादा उखाणाही चालला असता, लग्नातला. तो तोंडात आलाही होता. पण त्यात ती हसत होती, पाणी भरत होती, दारात उभी होती. सबंध आठवडा न दिसलेला ताराचा चेहरा त्याला त्या माळेवर दिसला, कपाळावर घाम आलेला, शेतातला. आणि त्या चेहऱ्यादेखत त्याला खोटं जुळवता येईना.

जुळलं ते आपोआप जुळलं. त्यानं सुरात म्हटलं, जसं म्हणतात तसं,

“भात पडलं आडवं, इळा ऱ्हायला शेतात,
तारा मेली फुरश्यानं, मी बसलो कुवेतात.”

टाळ्या पडल्या. गोऱ्यांनी वाजवल्या, अरब पाहुण्यांनी वाजवल्या, मुदीरनं तर दोन्ही हात वर करून वाजवल्या. फक्त मराठी माणसांचे हात जागच्या जागी राहिले. शामलाबाईंनी माईकवर हात ठेवला आणि मागं मुक्ताकडं बघितलं. मुक्तानं होय अशी मान हलवली.

नाशिपाईला शब्द कळले नाहीत. पण तिनं टाळी वाजवली नाही. माळ तिनं त्याच्या गळ्यात न घालता हळूच त्याच्या हातात ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

रामभाऊ खाली बसला. पायातले चाळ सोडले, बाजूला ठेवले. उठला आणि कोणाशी न बोलता भिंत ओलांडून समुद्राकडं चालू लागला. दिनकर त्याच्यामागं, मग बाकीचे. मयताची बातमी कानावर पडली की आहे त्या कपड्यांनिशी अंघोळ करायची, ही त्यांची रीत. शत्रुघ्न शेवटी निघाला.

पाणी कोमट होतं. कमरेएवढ्या पाण्यात सगळे नवे सदरे घालून उभे राहिले.

“कधी कळलं तुला?” रामभाऊनं विचारलं.

“सोमवारी.”

“सोमवारपास्नं आमाला सुतकात ठेवलंस. देवाला दिवा लावलाव आमी. नाचलाव.”

“व्हय.”

“सांगायचं नाय?”

“रजा गेली असती, दादा. रेखा एकटी हाय.”

रामभाऊला राग आला होता आणि तो राग खरा होता. मग त्यानं आपला जाड पंजा शत्रुघ्नच्या डोक्यावर ठेवला. “बुड,” म्हणाला, आणि त्याला पाण्याखाली दाबलं.

भिंतीपाशी मुदीर येऊन उभा राहिला होता. ही माणसं काय करताहेत, त्यानं शामलाबाईंना विचारलं. शामलाबाईंनी येणाऱ्या लाटेकडं बघितलं.

“त्यांच्या गावची पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “नाच झाला की सगळे मिळून अंघोळ करतात.”

मुदीरला ते फार आवडलं. त्यानं फोटोवाल्याला बोलावलं.

शनिवारी सकाळी बाकं गाडीवर चढत होती. मुदीरनं शत्रुघ्नला आत बोलावलं, कपाट उघडलं आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. तो खुशीत होता.

“माला देखके मदाम खुश होएगा,” म्हणाला.

“हां साब.”

“वापस आना.”

“हां साब.”

शत्रुघ्न बाहेर आला. पासपोर्ट वरच्या खिशात घातला, वरून हात दाबला. दुसऱ्या खिशात माळ होती. एक बाक अजून खाली होतं, पट्टी मारलेलं, बुटकं, रेखा बसेल एवढं. तो त्याच्यावर टेकला आणि आठवडाभर न आलेलं रडू एकदम आलं. साधं नाही, हंबरडाच फुटला. कारखान्याच्या मधोमध, मुदीरच्या खिडकीसमोर.

दिनकरनं धावत जाऊन एक लांब फळी उचलली आणि सरळ आहे का वाकडी बघतोय अशा थाटात खिडकीच्या आड धरली. दुसऱ्यानं दुसरी धरली. रामभाऊनं मशीनची करवत चालू केली. कापायला लाकूड नव्हतं. ती नुसतीच मोठ्यानं फिरत राहिली आणि शत्रुघ्नचं रडून होईपर्यंत रामभाऊ बटनावरचा हात न काढता तिच्यापाशी उभा राहिला.